क्लिव्हडन : पाहुण्यांसाठीच बांधलेले घर

विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या अमेरिकन धनाढ्याच्या चरित्रात १८९३ हे वर्ष दोन कारणांसाठी नोंदवावे लागते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, वडिलांचे राहते घर पाडून त्या जागेवर त्याने उभारलेले तेरा मजली वॉल्डॉर्फ हॉटेल सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडात बकिंगहॅमशायर परगण्यात, थेम्सच्या काठच्या उंच कड्यावरचे क्लिव्हडन हे प्रासादतुल्य घर आसपासच्या जमिनीसह त्याने ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरकडून साडेबारा लाख डॉलरला विकत घेतले. तिकडे घर पाडून हॉटेल बांधणारा माणूस इकडे सरदारी घराचा धनी झाला, आणि नव्वदेक वर्षांनी, १९८६ मध्ये, ते सरदारी घरही हॉटेल म्हणून उघडले. अशा घरांबद्दल लिहिताना एक ठरलेला सूर लागतो: घराण्याचे वैभव सरले, करांनी कंबरडे मोडले, आणि शेवटी पूर्वजांच्या शयनगृहात परकी माणसे पैसे मोजून झोपू लागली. पुष्कळ घरांच्या बाबतीत तो सूर खराही असेल. क्लिव्हडनच्या बाबतीत मात्र तो पुराव्याला उतरत नाही. साडेतीनशे वर्षांत हे घर कुणाचे मूळ घर असे जवळपास कधीच नव्हते. पहिल्यापासून ते पाहुण्यांसाठी बांधले गेले आणि दुसरीकडे मिळवलेल्या पैशावर चालले. हॉटेल झाल्यामुळे त्याच्या इतिहासात खंड पडला, असे म्हणायला म्हणूनच फारशी जागा उरत नाही.

मालकांची यादी नुसती डोळ्यांखालून घातली तरी हे ध्यानात येते. १६६६ मध्ये ही जागा घेतली ती दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातल्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमने. संसार थाटण्यासाठी नव्हे; शिकार, मेजवान्या आणि काउंटेस ऑफ श्रूझबरीची सोबत यांसाठी. तिच्या नवऱ्याशी त्याचे जानेवारी १६६८ मध्ये द्वंद्व झाले, त्यात जखमी झालेला नवरा दोन महिन्यांत मेला, आणि त्या तलवारीची आकृती सालासकट आज बागेतल्या जमिनीवर मिरवते आहे. पुढे १६९६ मध्ये अर्ल ऑफ ऑर्कनी या सेनानीने घर घेतले, बागेत टुमदार मंडप बांधले. १७३७ मध्ये तो वारल्यावर वारसांनी ते चक्क भाड्याने दिले, आणि भाडेकरू कोण, तर इंग्लंडचा युवराज फ्रेडरिक. बापाशी पटत नसलेल्या या युवराजाला लंडनपासून फार दूर नाही पण राजवाड्यापासून पुरेशी दूर अशी जागा हवी होती. १ ऑगस्ट १७४० रोजी त्याने इथल्या बागेत करवलेल्या एका नाट्यप्रयोगात ‘रूल ब्रिटानिया’ हे गीत पहिल्यांदा गायले गेले. लाटांवर ब्रिटनचे राज्य असो, अशी ती आकांक्षा. त्या घटकेला आपल्याकडे चिमाजीअप्पांनी वसई घेऊन वर्ष उलटले होते, बाजीरावांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि कोकणच्या लाटांवर मुंबईकर इंग्रजांना अजून आंग्र्यांच्या गलबतांची धास्ती होती. ब्रिटिश साम्राज्याचे जणू राष्ट्रगीतच ठरलेले हे गाणे भाड्याच्या घरात, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी जन्माला आले, ही गोष्ट मला त्या घराच्या स्वभावाला धरूनच वाटते.

फ्रेडरिक १७५१ मध्ये गेला. १७९५ मध्ये घर आगीत जळाले, आणि ऑर्कनीच्या वंशजांनी ते तीसेक वर्षे तसेच पडू दिले. त्यांचा मुक्काम शेजारच्या टॅपलो कोर्टात होता. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जाते तो माणूस तीस वर्षे थांबत नाही. १८२४ नंतर सर जॉर्ज वॉरेंडरने ते पुन्हा बांधले, १८४९ मध्ये ड्यूक ऑफ सदरलंडने घेतले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा जळाले. सध्याची वास्तू त्यानंतरची आहे. लंडनच्या पार्लमेंटची इमारत ज्याने आखली त्या चार्ल्स बॅरीने ती १८५१ च्या सुमारास इटालियन धाटणीवर बांधली; छताखालच्या पट्टीवरचा लॅटिन मजकूर ग्लॅडस्टनने रचून दिला. सदरलंडचे स्कॉटलंडात डनरॉबिन, स्टॅफर्डशायरात ट्रेंथम आणि लंडनमध्ये भलेमोठे स्टॅफर्ड हाउस होतेच. १८६८ मध्ये त्यांच्याकडून घेणाऱ्या वेस्टमिन्स्टरचे खरे ठाणे चेशायरातले ईटन हॉल. थोडक्यात, हे सगळ्यांचे दुसरे, तिसरे किंवा चौथे घर. तिथे जायचे ते उन्हाळ्यात, आठवड्याच्या अखेरीस, आणि एकटे कधीच नाही.

असे घर टिकले कसे, हा खरा प्रश्न आहे, कारण विसाव्या शतकात इंग्लंडात हजाराहून अधिक मोठी ग्रामीण घरे पाडली गेली. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा आणि कॅनडाचा स्वस्त गहू आगबोटींनी येऊ लागला, शेतीचे भाव कोसळले आणि त्यासोबत जमिनीचे खंडही. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नव्याने कर बसला आणि तो पुढे चढतच गेला. ज्या घराची चूल भोवतालच्या कुळांच्या खंडावर पेटत होती, ते घर अशा वेळी वाचणे कठीण होते. क्लिव्हडनची चूल तशी पेटतच नव्हती. वेस्टमिन्स्टरचा पैसा लंडनमधल्या मेफेअर आणि बेलग्रेव्हियाच्या जागाभाड्याचा, ॲस्टरचा मॅनहॅटनच्या जमिनींचा आणि तिथल्या दाटीवाटीच्या चाळींच्या भाड्याचा. न्यूयॉर्कच्या भाडेकरूंनी थेम्सकाठच्या गुलाबांना पाणी घातले, असे म्हटले तर ते अलंकारिक होईल, पण हिशेबाच्या वहीत खोटे ठरणार नाही. दुसरे भांडवल अंतराचे. लंडन अवघे चाळीस किलोमीटर. जून १८३८ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला तोच पॅडिंग्टनहून टॅपलोपर्यंत. शनिवारी निघून सोमवारी परतणारा पाहुणा या घराला रेल्वेने आणून दिला. आज हॉटेलचा धंदा ज्यावर चालतो ती हीच दोन भांडवले: शहरात कमावलेला पैसा आणि शहरापासूनचे सोयीचे अंतर.

आपल्याकडच्या वाड्यांशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. देशमुख-पाटलांचा वाडा वतनावर उभा असे. धान्य, बलुते, राबणारी माणसे सगळे त्या वतनाच्या जोरावर. १९४८ चा कूळ कायदा आणि पन्नासच्या दशकापासूनचे वतने रद्द करणारे कायदे आले, तसा वाड्याचा पाया खालून निघाला. शहरातल्या वाड्यांत खोली-खोलीला भाडेकरू आले आणि भाडेनियंत्रणामुळे दुरुस्तीचे पैसेही निघेनासे झाले. जमिनीवर जगणारी वास्तू जमिनीबरोबर जाते. इंग्लंडातल्या पाडलेल्या हजार घरांची गोष्टही मुळात हीच आहे. क्लिव्हडन त्या गोष्टीतले नव्हे, आणि म्हणून त्याच्यासाठी गळा काढताना जरा बेताने काढावा.

पहिल्या ॲस्टरने हे घर सजवले तेही पाहण्यासारखे आहे. रोमच्या व्हिला बोर्गेसेमधला सतराव्या शतकातला कोरीव दगडी कठडा त्याने आख्खा विकत घेऊन १८९६ च्या सुमारास इथे दक्षिणेच्या गच्चीखाली बसवला. पॅरिसजवळच्या आस्निएरच्या प्रासादातले भिंतींचे सोनेरी लाकडी फलक उचलून आणले आणि ते बसतील अशी जेवणाची खोली केली. म्हणजे परंपरा होती, पण ती दुसऱ्यांची, मालवाहू बोटीतून आलेली. पिढ्यानपिढ्या साठत जाणाऱ्या घराची ही रीत नव्हे. पाहुणा आत शिरताच थक्क व्हावा म्हणून केलेली ही रचना आहे, आणि तेरा मजल्यांचे हॉटेल उभारणाऱ्या माणसाला ती चांगलीच अवगत होती. त्या कठड्याबरोबर, कुणालाही न कळता, एक बिऱ्हाडही आले. २००४ मध्ये दगड साफ करताना एका स्वयंसेवकाच्या हाती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, तपकिरी, निमुळत्या शंखाची गोगलगाय लागली. ती इंग्लंडातली नव्हतीच; भूमध्य समुद्राकाठची जात. शंभरावर वर्षे ती वसाहत त्याच दगडाच्या फटींतली शेवाळे खात, इंग्लंडचे हिवाळे काढत तग धरून होती. क्लिव्हडनला ‘मूळचे’ कोण, याची चर्चा करणाऱ्यांनी तिलाही मोजायला हरकत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. १९०६ मध्ये वॉल्डॉर्फ ॲस्टर या मुलाचे नॅन्सीशी लग्न झाले तेव्हा बापाने क्लिव्हडन त्यांना आंदण दिले. त्यांची मुले तिथे वाढली. नॅन्सी १९६४ मध्ये वारली तेव्हाही ॲस्टर मंडळींचे वास्तव्य तिथे होते. मग ते घर नव्हते कसे? घर होते, मान्य. पण नॅन्सीच्या काळातला दिनक्रम पाहिला तर ते कुटुंब एका अखंड चालू असलेल्या अतिथिगृहाच्या एका बाजूला राहत होते, असेच म्हणावे लागते. कारभारी एडविन ली याच्या हाताखाली पुरुष नोकरांचा ताफा, स्वयंपाकघर वेगळे, बागेतली फुले कापून खोल्या-खोल्यांत लावायला वेगळी माणसे. शॉ, चॅप्लिन, चर्चिल, अरेबियाचा लॉरेन्स अशी माणसे जेवायला. सासऱ्याच्या मृत्यूनंतर नवऱ्याला लॉर्ड्समध्ये जावे लागले म्हणून रिकाम्या झालेल्या प्लिमथच्या जागेवरून नॅन्सी निवडून आली आणि १ डिसेंबर १९१९ रोजी कॉमन्समध्ये बसणारी पहिली स्त्री ठरली. त्यानंतर तर क्लिव्हडनचे जेवणघर हा राजकारणाचाच एक विभाग झाला. १९३७ मध्ये क्लॉड कॉकबर्न या पत्रकाराने, इथे जमणारी मंडळी हिटलरशी जुळवून घ्यायचे धोरण पडद्याआडून ठरवतात, असा आरोप केला. तो अतिरंजित होता हे पुढच्या इतिहासकारांनी दाखवले, पण परराष्ट्रधोरण शनिवार-रविवारच्या मुक्कामात शिजते, ही लोकांची समजूत काही निराधार नव्हती.

त्या मंडळींत लॉर्ड लोथियन हा नेहमीचा. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या संदर्भात ठाऊक असेल: १९३२ मध्ये भारतातल्या मताधिकाराची चौकशी करणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता, आणि त्या समितीचे सदस्य असलेल्या डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर आपली स्वतंत्र टिपणी जोडली होती. हाच लोथियन १९३४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या सभेत उठून म्हणाला की मोठी घरे करांच्या ओझ्याखाली नष्ट होणार, तेव्हा ट्रस्टने ती ताब्यात घ्यावीत. त्यातून १९३७ ची योजना झाली: मालकाने घर आणि त्याच्या देखभालीपुरता निधी ट्रस्टला द्यायचा, त्यावर मृत्युकर नाही, आणि कुटुंबाने तिथेच राहायचे. १९४२ मध्ये वॉल्डॉर्फ ॲस्टरने अडीच लाख पौंडांच्या निधीसह क्लिव्हडन याच रीतीने ट्रस्टला दिले. म्हणजे हॉटेल होण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधीच ॲस्टर कुटुंब या घरात कागदोपत्री पाहुणे झाले होते, आणि ज्या माणसाने ही सोय सुचवली तोही तिथला पाहुणाच.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा. आमंत्रण वेगळे आणि बिल वेगळे. बोलावलेल्या पाहुण्यात आणि गिऱ्हाइकात फरक आहे की नाही? फरक आहे, पण आपण कल्पितो तेवढा नाही. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या मोठ्या घरी जेवायला जाणे चांगलेच खर्चिक होते. निघताना दारापर्यंत नोकर ओळीने उभे असत आणि कोट देणारा, टोपी देणारा, घोडा आणणारा अशा प्रत्येकाच्या हातावर पाहुण्याने पैसे ठेवायचे. बेताच्या ऐपतीची माणसे या भीतीने आमंत्रणे नाकारत. १७६० च्या सुमारास ही प्रथा मोडायची चळवळ झाली, तेव्हा हक्काची कमाई बुडते म्हणून लंडनच्या नोकरांनी दंगा केला. यजमान नोकरांना पगार कमी देई, कारण उरलेला पगार पाहुणे देत. हा हिशेब आजच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला सहज समजेल. शिवाय जो पैसे देत नसे तो दुसऱ्या चलनात देई. आमंत्रण मिळे ते उपयोगी माणसाला: मत असलेल्या खासदाराला, लेखणी असलेल्या संपादकाला, बातमी असलेल्या राजदूताला. बिल चुकते करणाऱ्या गिऱ्हाइकावर यजमानाचे काही ऋण राहत नाही. स्वच्छ व्यवहार यांतला कोणता, हे ठरवायला मला तरी फार वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप असा की हॉटेलने वारसा श्रीमंतांपुरता कोंडला. इथे इतिहासच उलटे उत्तर देतो. पहिल्या ॲस्टरने घर घेताच आसपासच्या लोकांना मिळणारी मोकळीक बंद केली आणि भिंती घातल्या. युद्धकाळात कॅनडाच्या रेड क्रॉसचे रुग्णालय इथे उभे राहिले हा अपवाद. त्याची आठवण म्हणून बागेच्या एका कोपऱ्यात सैनिकांच्या थोड्याशा कबरी आहेत. आज बाग आणि रान ट्रस्टच्या हाती असून तिकीट काढून कुणालाही फिरता येते. घर तेवढे हॉटेलकडे आहे आणि त्यातली मोजकी दालने ठरावीक वेळी दाखवली जातात. एका रात्रीचे भाडे सामान्य इंग्रजाच्या आवाक्यापलीकडचे आहे, यात वाद नाही. पण नॅन्सीच्या जेवणाच्या टेबलावर त्याला जागा मिळण्याचा संभव त्याहून कमी होता.

एका बाबतीत मात्र मी हॉटेलच्या बाजूने बोलणार नाही. जुन्या घराला आपल्या भानगडी झाकाव्या लागत. हॉटेलला त्या विकाव्या लागतात. जुलै १९६१ मधल्या एका शनिवारी तिसऱ्या लॉर्ड ॲस्टरकडे मुक्कामाला आलेला युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो पोहण्याच्या तलावाशी क्रिस्टीन कीलर हिला भेटला. ॲस्टरने नदीकाठचे एक छोटे घर स्टीफन वॉर्ड या वैद्याला नाममात्र भाड्याने दिले होते, आणि ती त्याच्याबरोबर आली होती. सोव्हिएत नौदलाच्या एका अधिकाऱ्याशीही तिचा संबंध निघाला, प्रोफ्यूमो कॉमन्समध्ये खोटे बोलला, जून १९६३ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. वॉर्डने खटला चालू असतानाच जास्त गोळ्या घेतल्या आणि ऑगस्टमध्ये तो मेला. एका माणसाचा जीव गेलेली आणि एका तरुणीच्या नावाची आयुष्यभर धिंड काढणारी ही हकिकत आता त्या तलावाच्या आकर्षणाचा भाग आहे. दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेल्याला इतिहास गोळीसारखा, साखर लावूनच द्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या चाळींचे भाडे त्यात बसत नाही.

प्रकरणानंतर ॲस्टर फार टिकले नाहीत. तिसरा लॉर्ड १९६६ मध्ये वारला, कुटुंब निघून गेले, आणि मग बरीच वर्षे कॅलिफोर्नियाच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे राहून शिकले. ते गेल्यावर ट्रस्टने हॉटेलवाल्यांशी भाडेकरार केला. पुढे ज्या कंपनीकडे हॉटेल आले ती २०११ मध्ये बुडाली आणि घराला पुन्हा नवा धनी शोधावा लागला. हॉटेल हा घर वाचवण्याचा कायमचा उपाय, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. या घराचे चालवते हात सरासरी एक-दोन पिढ्यांत बदलत आले आहेत. बदलला नाही तो मालक, १९४२ पासून.

आणि खरोखर पालट झाला असेल तर तो पाहुण्यांच्या बाजूने नव्हे, राबणाऱ्यांच्या बाजूने झाला. यॉर्कशायरची रोझिना हॅरिसन १९२९ च्या सुमारास नॅन्सीची खासगी दासी झाली आणि मालकिणीच्या मृत्यूपर्यंत, सुमारे पस्तीस वर्षे, तिच्याजवळ राहिली. तिने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी वाचल्या की कळते, कामाला ठरलेली वेळ नव्हती, आणि मालकिणीच्या जिभेपुढे निभाव लागावा म्हणून तितकीच तिखट जीभ तिला कमवावी लागली. त्याच जिन्यांवरून आज पाळी संपली की घरी जाणारी माणसे वर-खाली करतात. त्यांच्या पगाराला १९९९ पासून किमान वेतनाचा कायदा लागू आहे, आणि त्यांतल्या कुणी नोकरी सोडली तर कुठल्याही लेडी ॲस्टरची परवानगी लागत नाही.